हिरव्या पाण्याची वाटणी

आप्पांनी वाटणी करायचं ठरवलं तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. त्यांचे दोन्ही मुलगे बरीच वर्षं एकमेकांशी तळ्यांमार्फत बोलत होते. थोरला एका तळ्याकडे बघून म्हणायचा, "काही लोकांना खाद्य टाकताना हात आवरत नाही." धाकटा दुसऱ्या तळ्याकडे बघून म्हणायचा, "काही लोकांना नुसतं मोजता येतं, वाढवता येत नाही." तळ्यातली कोळंबी बिचारी काही न बोलता मोठी होत होती.

नवल वाटलं ते आप्पांच्या पुढच्या वाक्याचं.

"वाटे थोरली सूनबाई पाडेल," ते म्हणाले. "तिचा हात नेमका आहे. आणि वाटे पाडणाऱ्याने मागून उचलायचं, धाकट्याने आधी. म्हणजे लबाडीला जागा नाही."

थोरली दारातच उभी होती. तिने मान हलवली. कोणी काम सांगितलं की आधी मान हलवायची आणि मग विचार करायचा, ही तिची या घरातली जुनी सवय होती.

लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्याकडे विज्ञानाची पदवी होती आणि करायला काही नव्हतं. तळ्यांमधलं घाण पाणी तेव्हा एका चरातून थेट खाडीत जायचं. वारा फिरला की घरात वास यायचा आणि सगळे खिडक्या लावून घ्यायचे. नव्या सुनेने खिडकी लावण्याऐवजी चराकाठी जाऊन बाटली भरून आणली. आप्पा चार माणसांत म्हणाले होते, "आमची सून माहेरची आठवण आली की गटार बघते."

पण त्या बाटलीतूनच पुढचं सगळं निघालं. कोळंबीची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया होतो. कोळंबीला तो विष, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या शैवालाला तेच जेवण. थोरलीने आधी एक हौद बांधून घेतला, मग हट्टाने आणखी. लांबोळके, उथळ हौद, आणि त्यांत संथ फिरणारी चाकं, म्हणजे प्रत्येक पेशीला उन्हात यायची पाळी मिळावी. तळ्यांचं घाण पाणी पाटाने या हौदांत यायचं. शैवाल त्यातली घाण खाऊन वाढायचं. स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा तळ्यांत जायचं आणि खाली उरलेला दाट हिरवा रस हॅचरीत, कोळंबीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना खायला. पिल्लं मोठी झाली की तळ्यात. असं ते चक्र. खाडीत काही सोडायला नको आणि खाडीतून फारसं काही घ्यायला नको.

हॅचरी धाकटीची. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. तिला पेशी, अमोनिया यांत काडीचा रस नव्हता, पण पिल्लांवर तिचा जीव होता. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ती उजेडासमोर धरायची आणि बघायची. केसाहून बारीक पिल्लाच्या मागे विष्ठेचा दोरा लोंबत असला, तर पोट भरलंय. दोरा नसला, तर उपाशी. "ताई, आमची मंडळी आज अर्धपोटी आहेत," असं हॅचरीच्या दारातून ती ओरडली की थोरली हौदावरून दाट पाणी पाठवायची. दोघी जावांचं भांडण व्हायचं नाही असं नाही, पण ते घरातल्या भांड्यांवरून. कामावरून कधी नाही.

वाटे पाडायला थोरलीने वेळ मागून घेतला. बांधांवरून ती पुन्हा पुन्हा फिरली. सरळ मार्ग सगळ्यांना दिसत होता: अर्धी तळी, अर्धे हौद इकडे, तेवढेच तिकडे, मधे कुंपण, आणि हॅचरी पाळीपाळीने. पण तसं केलं की दोघेही आपापलं अर्धं पुरं करून घेणार आणि वर्षभरात एकमेकांचं तोंड बघेनासे होणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिला घर हवं होतं. आणि ते चक्र हवं होतं. खरं तर कोणतं जास्त, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मग तिला दगडफूल आठवलं. दगडावरचं दगडफूल म्हणजे एकच जीव वाटतो, पण असतात दोन: एक बुरशी आणि एक शैवाल. बुरशीला अन्न बनवता येत नाही, शैवालाला ओल धरून ठेवता येत नाही. त्यांच्यात प्रेम असतं असं कोणत्याही पुस्तकात म्हटलेलं नाही. एकमेकांवाचून अडलेलं असतं, तेवढ्यावर ती दोघं शेकडो वर्षं उघड्या दगडावर काढतात.

तिने वाटे पाडले ते असे. एका वाट्यात सगळी तळी आणि पंपघर. दुसऱ्या वाट्यात सगळे हौद, हॅचरी आणि तिची छोटी प्रयोगशाळा. तळी असलेल्याला पाणी धुऊन घ्यायला आणि बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, घ्यायला इकडे यावंच लागेल. हौद असलेल्याला शैवाल जगवायला तिकडचं पाणी लागेलच. रोज सकाळी बोलावं लागेल. न बोलता चालेलच कसं?

आप्पांनी दोन्ही वाटे बोटांवर मोजून पाहिले. मग म्हणाले, "मूल्याने समान आहे?"

"आहे. दोन्ही एकत्र असतील तर."

शेवटचे शब्द आप्पांनी ऐकले नाहीत, किंवा ऐकून घेतले नाहीत. धाकट्याने तर हसून तळी उचलली. तळी म्हणजे कोळंबी, आणि कोळंबी म्हणजे पैका, एवढा त्याचा हिशेब साधा होता. "वहिनी, तुमचे उपकार झाले," तो म्हणाला.

थोरला तरातरा घरी आला. आल्यावर पायातल्या चपला न काढताच म्हणाला, "माझ्या वाट्याला शेवाळ आणलंस."

"त्यांना आपल्याकडे यावंच लागेल. रोज."

"आणि आपल्याला?"

"आपल्यालाही त्यांच्याकडे."

"मग आधी कोण जाणार?"

तिने सगळं मोजलं होतं, हे मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी हॅचरीतून आपलं सामान न्यायला आली. सामान ते काय? एक पेला, बॅटरी, आतल्या ओल्या फरशीवर घालायच्या चपला आणि एक जुना टॉवेल. थोरली तिथे होती.

"अगं, सामान कशाला नेतेस? तू रोज यायचंच आहेस की. वाटा आमचा असला तरी काम तुझंच."

"तुमच्याकडे कामाला येऊ?"

"कामाला म्हणजे... तसं नाही गं."

"मग कसं, ताई?" धाकटीने टॉवेलात पेला गुंडाळला. "तुम्ही अख्खा बांध पालथा घातलात. पाण्याला विचारलंत, मातीला विचारलंत, त्या तुमच्या शेवाळ्याला नळीत घालून विचारलंत. मला विचारलंत? एकदा? चुलीपाशी रोज शेजारी बसत होते मी."

"मला वाटलं, तुला कळेल."

"कळलं ना. माझ्या हातची पिल्लं काढून तुम्ही तुमच्या बाजूला ठेवलीत, आणि मला मोठ्या कोळंब्यांच्या राखणीला बसवलंत. एवढं न कळायला काय झालं?"

थोरलीच्या मनातल्या आकृतीत हॅचरी हा एक चौकोन होता, आत बाण जाणारा आणि बाहेर बाण येणारा. त्या चौकोनात कोणी उभं असतं हे तिला माहीत होतं. पण आकृती काढताना माणसं दाखवायची नसतात.

सुरुवातीला चाललं. पाट वाहत होता, चाकं फिरत होती. निरोप नेण्या-आणण्याचं काम पंपवाल्याकडे आलं. हा पंपवाला इतका संथ होता की त्याचं नाव सगळ्यांनी तुफान ठेवलं होतं. तो निरोप पोचवेपर्यंत त्यातला अर्धा राग थंड व्हायचा, हा एक फायदा. पण मग तुफानलाच गंमत वाटू लागली आणि तो जसंच्या तसं सांगू लागला.

"धाकटे मालक म्हणतात, आमच्या घाणीवर तुमचं शेवाळ पोसलं जातंय, तर घाण फुकट का द्यायची?"

"त्यांना सांग," थोरला म्हणाला, "आम्ही काय त्यांचं पाणी धुवायला बसलोय? धुण्याचे द्यायला सांग आधी."

तुफान गेला आणि जेवून आला. "ते म्हणतात, आजवर जगात कोणी घाण विकत घेतली नसेल, पण दादाला घ्यावी लागेल."

थोरली ऐकत होती. ज्या पाण्याच्या वासाने एके काळी घरभर खिडक्या लागायच्या, त्याच पाण्यावर आता दोन शहाणी माणसं हक्क सांगत होती. तिला हसू यायला हवं होतं. शब्दाने शब्द वाढत गेला आणि एका सकाळी पाटाच्या तोंडाशी फळी पडली. धाकट्याने घाण पाण्याचा पंप पुन्हा खाडीकडे वळवला. थोरल्याने मग बीज अडवलं. धाकट्याने बाहेरून बीज आणलं, गाडी मुद्दाम हॅचरीसमोरून नेली, आणि हॉर्न वाजवला.

हौदांना खायला मिळेना. थोरली रोज पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरी. शैवालाला अमोनियातला नायट्रोजन मिळाला नाही की ते लगेच मरत नाही. ते वाढायचं थांबतं, त्याचा हिरवा रंग उतरतो, पिवळट होतो, आणि आत तेलाचे थेंब साठत जातात. उपासमारीत ते लठ्ठ होतं. विद्यार्थी असताना हे वाचून तिला निसर्गाचं कौतुक वाटलं होतं. आता नळीतलं ते तेलकट पिवळं पाणी बघून तिच्या मनात कौतुक वगैरे काही आलं नाही.

पोत्यातलं खत टाकून हौद जगवता आले असते. थोरल्याने तेच सुचवलं. तिने थोडं टाकलंही. पण विकतचं खत घालून शैवाल वाढवायचं आणि पलीकडे तोच नायट्रोजन खाडीत सोडला जाताना बघायचा, हे तिच्याच्याने होईना. शेवटी ती पदर खोचून बांधावरून पलीकडे गेली.

धाकटी तळ्याच्या काठी खाद्याची जाळी वर ओढून बघत होती. जाळीत बरंच खाद्य तसंच उरलेलं होतं. म्हणजे कोळंबी नीट खात नव्हती. दोघींनीही ते पाहिलं.

"काय पाहिजे, जाऊबाई?"

'ताई' ही हाक गेली होती. थोरलीने ते गिळलं.

"पाणी."

"चांगलं की घाण?"

"घाण."

धाकटी हसली. मोठ्याने, मनापासून, जाळीचा दोर धरून हसली. "अहो, घाण मागायला कोणी एवढं धुतलेलं नेसून येतं का?" मग तिचं हसू थांबलं. "देते. आत्ता जाऊन फळी काढायला लावते, ह्यांना विचारतसुद्धा नाही. मला हॅचरी द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे किल्ली. वाट्याबिट्याच्या गोष्टी पुरुषांना करू दे. किल्ली माझ्याकडे राहील आणि पिल्लं मी बघेन. तुमच्याकडे कामाला म्हणून नाही. माझी म्हणून."

मागणी रास्त होती. इतकी रास्त की थोरलीला ती वाटे पाडायच्या आधी सुचायला हवी होती. ती घरी आली आणि थोरल्याशी बोलली.

"हॅचरी परत द्यायची?" तो म्हणाला. "मग माझ्याकडे उरलं काय? डबकी? वाटे कोणी पाडले, तू की मी?"

"हॅचरी आपलीच. नुसती किल्ली."

"ज्याच्या हातात किल्ली त्याची हॅचरी. एवढं शिकलीस, हे नाही शिकवलं कोणी?"

किल्ली त्याच्याकडे नव्हतीच. ती थोरलीच्या कमरेला होती. त्या दुपारी ती दोनदा बांधापर्यंत गेली. पलीकडे धाकटी दिसत होती, डोक्यावर पदर, हातात जाळी. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. पण थोरलीच्या डोक्यात ती जाळी होती आणि जाळीत उरलेलं खाद्य होतं. कोळंबी खात नाही म्हणजे अमोनिया चढतोय. न धुतलेल्या पाण्यात तो कसा चढत जाणार याचा आलेख ती डोळे मिटूनही काढू शकली असती. म्हणजे फार थांबावं लागणार नव्हतं. धाकटा स्वतः येईल. पाणी धुऊन द्या म्हणेल. मग किल्ली आपल्या हाताने देऊ, मोठेपणाने देऊ, आणि नवराही काही बोलू शकणार नाही. आधी कोण जाणार हा प्रश्न सुटला, असं तिला वाटलं.

ती माघारी फिरली. तिचा आलेख बरोबर होता, तंतोतंत बरोबर होता. मात्र अमोनिया चढल्यावर माणूस शेजाऱ्याकडे जाईल हे तिने आलेखात गृहीत धरलं होतं, आणि धाकटा शेजाऱ्याकडे न जाता खाडीकडे गेला. त्याने रात्रंदिवस खाडीचं नवं पाणी आत घ्यायला सुरुवात केली. घाण सोडायचं तोंड आणि पाणी घ्यायचं तोंड एकाच खाडीवर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. ओहोटीला जे बाहेर जायचं, ते भरतीला परत यायचं. आणि त्याच्याबरोबर आली ती खाडीतली रोगराई.

आधी कोळंब्या काठाशी येऊन थांबू लागल्या. मग त्यांच्या कवचांवर पांढरे ठिपके दिसले. मग तळ्यांवर पक्षी जमले. इतके, की लांबून पाहणाऱ्याला काहीतरी चांगलं चाललंय असं वाटावं.

थोरली धावत गेली. आता कोणाच्या आधी-नंतरचा प्रश्न नव्हता. धाकटी गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेली कोळंबी टोपलीत भरत होती.

"हॅचरी घे," थोरली म्हणाली. किल्ली तिच्या हातात होती. "ही घे. फळी काढ, मी सगळं पाणी..."

धाकटीने वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी जाळी बघितलीत तुम्ही. मी तुमचं तोंड बघत होते. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

थोरली नाही म्हणू शकली असती. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि धाकटीला ते ठाऊक होतं.

"भरून झालंय माझं," धाकटी म्हणाली. "टोपली उचलायला हात लावायचा तर लावा. नाहीतर सरका."

तिने हात लावला. दोघींनी टोपली बांधावर आणून उपडी केली. त्यावर धाकटीने चुना टाकला. किल्लीचं पुढे कोणी काही बोललं नाही.

तळी रिकामी झाली तसे हौदही निकामी झाले. बाहेरचं कोणी बीज घेईना, कारण शेजारच्या तळ्यांत रोग पडल्याची बातमी बीजाच्या आधी पोचत होती. दोघा भावांनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न सांगता, एकाच माणसाला गाठलं. वर्षानुवर्षं त्यांची कोळंबी बर्फात भरून नेणारा तो व्यापारी. सगळे त्याला बर्फवाला म्हणत. त्याने दोघांचेही वाटे विकत घेतले. दोघांना सांगितलं, "तुमच्या भावापेक्षा तुम्हाला चांगला भाव दिलाय, पण बोलू नका." दोघेही बोलले नाहीत. ते एकमेकांशी बोलतील अशी बर्फवाल्याला भीती नव्हतीच.

आप्पा मुलीकडे राहायला गेले. थोरला आणि धाकटा यांनी शहराच्या दोन टोकांना दोन घरं भाड्याने घेतली.

बर्फवाल्याने पहिल्याच दिवशी पाटाच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, "ही फळी कशासाठी?" तुफानने फळी उपसली आणि पंपघरापुढे दोन विटांवर ठेवून तिच्यावर बसला. मग बर्फवाल्याने चौकशी केली की हौदांतलं कोणाला कळतं आणि पिल्लांतलं कोणाला कळतं. दोन्ही वेळा त्याला एकेकच उत्तर मिळालं. त्याने दोघींना पगारावर बोलावलं. दोघींच्याही घरी पगाराची गरज होती.

तळी सुकवून, चुना मारून, पुन्हा भरली. हौद धुऊन थोरलीने नव्याने शैवाल वाढवलं. चक्र सुरू झालं आणि असं सुरळीत चाललं की पूर्वी कधी चाललं नव्हतं. पाण्यातला अमोनिया सगळ्या वर्षांत नव्हता इतका खाली आला. पिल्लं तरतरीत होती. बर्फवाला पाहुण्यांना घेऊन यायचा, हौदात बोट बुडवून दाखवायचा आणि म्हणायचा, "काही विशेष नाही हो. सगळं एका हातात असलं की झालं."

आणि दोघी जावा रोज सकाळी बोलत होत्या. बोलावंच लागे. किती दाट पाणी हवं, किती पाठवलं, पिल्लं कशी आहेत. थोरलीने वाटे पाडताना जे योजलं होतं ते अगदी तसंच घडत होतं, फक्त त्यासाठी दोघींना महिन्याला पगार द्यावा लागत होता. धाकटी तिला इतरांसारखंच मॅडम म्हणायची. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर थोरलीने धरून ठेवला असता.

एकदा तुफानने चहा पिता पिता सांगितलं की धाकटीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला आहे म्हणे, तारीखसुद्धा काढली. "तुम्हाला काय, माहीतच असणार," तो म्हणाला. थोरली म्हणाली, "हो." या मुलीने अक्षरं गिरवली ती थोरलीच्या मांडीवर बसून, आणि सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा डोळा लावला तोही तिथेच बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॅचरीच्या दाराशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली. धाकटी आतल्या ओल्या फरशीवर उभी होती, पेला उजेडासमोर धरून. तिने पेला फिरवला, नीट पाहिला, खाली ठेवला. मग थोरलीकडे वळली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मॅडम, आज पाणी जरा दाट पाठवा," ती म्हणाली. "काल पातळ होतं."

"पाठवते," थोरली म्हणाली, आणि हौदांकडे गेली.